फुंकणीवरचा अंगठा

मेहुण्याचा जबडा मोडला तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. कपाटाचं दार नीट लागलं की होतो, तेवढाच. मग तो खाली बसला, दोन्ही हातांची ओंजळ हनुवटीखाली धरली आणि त्या ओंजळीत रक्त आणि दोन दात जमा झाले. मी त्याच्यासमोर फुंकणी धरून उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, की यानं मला मारायच्या आत मी याला मारलं, वाचलो.

त्यानं मला काहीच केलं नव्हतं. मागून येऊन कानाशी ‘भ्यां’ केलं होतं, बस.

फुंकणी म्हटल्यावर चुलीपाशी पडलेली वीतभर नळी डोळ्यांपुढे आणू नका. आम्ही काचवाले, प्रयोगशाळांचे चंबू फुंकतो. आमची फुंकणी छातीएवढी उंच, पोकळ आणि लोखंडी असते. तिच्या एका टोकावर भट्टीतली वितळलेली काच काकवीसारखी गुंडाळून घ्यायची, दुसऱ्या टोकातून फुंकायचं. त्या दिवशी टोकावर काच नव्हती, मी नवा गोळा घ्यायला निघालो होतो. गोळा असता तर मेहुणा आज दिसला नसता आणि मी तुरुंगात बसून हे सांगत असतो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कारखान्यात त्याला सगळे हसऱ्या म्हणतात. कुणाच्या मयतीलाही हा कोपऱ्यात कुणाला तरी हसवत असणार. जबड्याला तारा बांधल्यावर सहा आठवडे नळीनं सूप ओढत बसला, आणि तरी पहिल्या दिवशी भेटायला गेलो तर तारांमधून म्हणाला, “भाऊजी, बारीक होतोय मी.” कारखान्याच्या मालकीणबाईंच्या कागदावर त्यानं लिहून दिलं होतं, की पाय घसरला आणि भट्टीच्या कठड्यावर आपटलो. पण तोंड हसत होतं तरी डोळे हसत नव्हते, तेही मी पाहिलं.

बायको एरवी मला ‘अहो’ म्हणते. त्या दिवशी एकेरीवर आली. “माझ्या भावानं खोटं लिहून दिलं ते तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. आता नीट ऐक. पुढचा हात उचललास, कुणावरही, तर मी पोरीला घेऊन त्याच्या घरी जाते. मग दार लाव आणि बस एकटा फुंकत.”

आमची पोरगी नऊ वर्षांची. पेन्सिली कुरतडते म्हणून तिला खारूताई म्हणतो आम्ही. बायकोवर मी दोनदा हात टाकला होता, तेही जुनं झालं. खारूवर कधीच नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगायचो, जणू त्याबद्दल पदक मिळतं.

मालकीणबाईंना घसरल्याचं पटलं नव्हतं, त्यांची अट वेगळी होती. हॉस्पिटलातून चांगुलपणाचा कागद आणायचा, तरच भट्टीसमोर उभं राहायचं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं माझ्याकडे पाहिलं आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत पाठवलं. तिथं श्वासाच्या बाई बसायच्या. स्थूल, पन्नाशीच्या, लहानपणापासून दम्याच्या. टेबलावर त्यांचा फवारा ठेवलेला. मला हसू आलं. जिला स्वतःला धड श्वास घेता येत नाही ती मला शिकवणार, म्हणजे टकल्यानं कंगवे विकायचे!

“मला प्राणायाम कशाला?” मी म्हणालो. “पस्तीस वर्षं फुंकून खातोय. माझ्या छातीत दोन माणसांचा वारा आहे. आणि मला राग येतो, दमा नाही.”

“त्याला मारलंत तेव्हा हात कसे होते?”

“कसे म्हणजे?”

“गरम की गार?”

मी आठवून पाहिलं. गार होते. बधिर झाले होते. छातीत काहीतरी धडाधडा दार वाजवत होतं आणि डोळ्यांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. मी हे सांगितलं, मलाच आश्चर्य वाटलं.

“राग आला की हात गरम होतात,” बाई म्हणाल्या. “तुम्ही घाबरला होतात.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी खुर्ची मागे ढकलली तशी ती पडली. बाई जागच्या हलल्या नाहीत. फवारा उचलून त्यांनी एक ओढ घेतली आणि म्हणाल्या, “खुर्ची उचला. मग सांगते.”

त्यांनी सांगितलं ते असं. दोन्ही कानांच्या मधे, डोक्यात खोल, बदामाएवढा एक तुकडा असतो. त्याचं काम चौकीदाराचं. कपाळामागे साहेब बसतो, विचार करणारा. चौकीदाराला जरा खुट्ट ऐकू आलं की तो बोंब मारतो, आणि साहेबापर्यंत चिठ्ठी पोचेपर्यंत हात उचललेला असतो. काहींचा चौकीदार लहानपणीच इतका ठोकलेला असतो की त्याला मांजरही वाघ वाटतं.

“मग त्याला समजवा,” मी म्हणालो.

“त्याला भाषा कळत नाही. श्वास कळतो. श्वास सावकाश बाहेर गेला की मानेतून पोटाकडे उतरणारी एक नस हृदयाला सांगते, हळू. हृदय हळू झालं की चौकीदार खाली बसतो. सगळं अजून कुणाला कळलेलं नाही, पण एवढं दिसतंय. चार मोजून आत, क्षणभर थांबा, आठ मोजून बाहेर. रोज वीस मिनिटं.”

चार, क्षणभर, आठ. पोरखेळ वाटला मला. आणि इथंच मी माती खाल्ली.

म्हणजे असं झालं, की माझा बाप काचवालाच. तेराव्या वर्षी त्यानं मला भट्टीसमोर उभं केलं. काच छातीनं फुंकत नाहीत, गालांनी फुंकतात. नाकानं घ्यायचं, गालांत भरायचं, बारीकशी फुंक नळीत सोडायची आणि लगेच नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा. आत कोंडलेला वारा काचेच्या उष्णतेनं फुगतो आणि फुगा आपोआप मोठा होतो. जोर लावायचाच नाही. फक्त कोंडायचं. आणि छाती कधी पूर्ण रिकामी करायची नाही, कारण रिकामी छाती पुढचा श्वास स्वतःच ओढते. नळी ओठांत असताना ओढलास तर भट्टीचा वारा घशात.

हे बापानं मला तोंडानं सांगितलं नाही. काचेला आकार द्यायची ओल्या लाकडाची फळी असते, ती घेऊन तो माझ्या मागे उभा राहायचा आणि श्वास ऐकायचा. ओढल्याचा आवाज आला की फळी कानामागे. ओल्या लाकडाचा मार सुक्यापेक्षा वाईट, चिकटून बसतो. एकदा मी सलग तीनदा चुकलो, तेव्हा त्यानं मला मानगुटीला धरून भट्टीच्या तोंडाशी इतकं नेलं की भुवया जळाल्या. “ओढ आता,” म्हणाला, “ओढ बघू.” मी ओढला नाही. डाव्या कानानं मला त्या फळीमुळे अजून कमी ऐकू येतं. आणि खरं सांगायचं तर बापानं मला कधी रागाच्या भरात मारलं नाही, शिकवण्याच्या भरात मारलं. कारागीर मात्र मी त्याच्याहून चांगला झालो.

तर बाईंचा पोरखेळ घरी आणून मी त्याला मर्दानी केला. घ्यायचं चार मोजून, ठीक. पण थांबायचं क्षणभर कशाला? मी साठ मोजले, मग नव्वद. दुसऱ्या आठवड्यात एकशे दहापर्यंत पोचलो. बाहेर सोडायच्या वेळी मात्र अर्धाच सोडून पुन्हा घ्यायचो. रोज सकाळी खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून, वीस मिनिटं. बायको चहा ठेवून हळूच जायची. घर इतकं शांत असायचं, की मला वाटायचं, बघा, आत्ताच फरक पडला!

फरक पडला होता. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. जिन्यात कुणी शिंकलं तरी छातीत दार वाजायचं. बसमध्ये एका माणसाचा कोपर लागला तर मी कॉलर धरून त्याला खांबाशी दाबलं. त्याच्या गळ्याखालची शीर माझ्या मुठीला लागत होती, आणि मला ती फोडावीशी वाटत होती. थांबा आला म्हणून तो वाचला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी व्यायाम संपवून उठलो, मोजा सापडला नाही, आणि मी कपाटाच्या दारातून मूठ आरपार घातली. फळीच्या ढलप्यांनी मनगट सोलून निघालं. वळलो तर दारात खारू उभी होती, दप्तर पाठीला.

बायकोनं माझ्या हाताला फडकं बांधलं. “कपाट मोजत नाही मी,” ती म्हणाली. “पण पाहिलंय.”

रोगापेक्षा इलाज भयंकर, म्हणत मी तसाच बाईंकडे गेलो आणि रक्ताचं फडकं त्यांच्या टेबलावर टाकलं. “हा तुमचा प्राणायाम! रोज करतोय. एकशे दहा आकडे धरतो, तुमच्या इथं कुणी धरतं का?”

“धरायला कुणी सांगितलं होतं?” बाई म्हणाल्या. “करून दाखवा.”

मी दाखवलं. चाळीसपर्यंत आलो असेन, तोच बाईंनी टेबलावर पेन वाजवलं. “हा अंगठा कशाला?”

मी डोळे उघडले. माझा उजवा अंगठा माझ्याच ओठांवर दाबलेला होता. केव्हा गेला ते मला माहीत नव्हतं. तीन आठवडे मी रोज सकाळी असाच बसत होतो, तोंडावर बूच लावून.

मी त्यांना अंगठ्याचं सांगितलं. गालांचं, फळीचं, भुवयांचंही सांगितलं, जे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “काचेत कोंडला तर फुगा होतो. छातीत कोंडला तर श्वासातला घाण वायू साठतो, आणि तो साठला की डोक्यातला चौकीदार समजतो, गळा दाबलाय. ज्यांना आधीच झटके येतात त्यांना हे फार लवकर होतं. तुम्ही रोज वीस मिनिटं स्वतःचा गळा दाबताय. आणि मग लोकांत जाताय.”

“मग काय करू?”

“धरणं बंद. घेणंसुद्धा विसरा, ते आपोआप येतं. फक्त सोडा. ओठ मिटून, भुंग्यासारखं गुणगुणत, संपेपर्यंत. पार तळापर्यंत.”

सोडणं मला जमेना. खोटं नाही सांगत, त्या खोलीत मी घामानं भिजलो. श्वास तळाला आला की कानामागे फळी बसणार, असं वाटून मान आपोआप आखडायची. पन्नाशीला आलेला माणूस, बाप मरून एक तप झालेलं, आणि मी मान आत घेऊन बसलोय. त्या दिवशी चारदा प्रयत्न केला, चारही वेळा अर्ध्यात थांबलो. पाचव्यांदा तळाला पोचलो तेव्हा मला रडू आलं. बाईंनी रुमाल दिला नाही, खिडकीकडे बघत बसल्या. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

कागद मिळाला. भट्टीवर परत आलो तो काचेच्या दोन गोळ्यांच्या मधे गुणगुणत. लोकांनी आठवड्यात माझं नाव भुंगा करून टाकलं. पूर्वी असं कुणी म्हणालं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. आता चीड यायची, हात गार पडायचे, मी गुणगुणायचो आणि हात परत माझे व्हायचे. रोज जमायचं असं नाही. दहातून सहा वेळा म्हणा.

मग हसऱ्या परत आला. तारा निघाल्या होत्या, हनुवटीवर शिवणीची रेघ होती. आठवडाभर तो कुणाशी बोलला नाही, हसला नाही. मला बघितलं की मान फिरवायचा. भट्टीपाशी इतकी शांतता कधी नव्हती. मी दोनदा माफी मागायला गेलो आणि दोनदा चंबूचं माप विचारून परत आलो.

गुरुवारी, चहाच्या सुट्टीनंतर, मी एक मोठा चंबू फुंकत होतो. गोळा टरबुजाएवढा झाला होता, नारिंगी. फुंकणीच्या तोंडावर अंगठा होता. तो समोरून आला. मागून नाही, समोरून, एवढं त्याचं मानलं पाहिजे. त्याच्या हातात भट्टी उकरायची सळई होती.

“भाऊजी,” तो म्हणाला, “भ्यां.”

पहिला फटका बरगड्यांवर बसला. मोडल्याचं मला आतून ऐकू आलं, डावा कान अधू असूनही. दुसरा खांद्यावर. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी पळालं, मधे मात्र कुणी आलं नाही, कारण माझ्या हातात पेटती काच होती. ती आणि त्याचं तोंड यांत हातभर अंतर होतं. तिचा उजेड त्याच्या शिवणीवर पडला होता. नुसतं मनगट वळवायचं होतं. चौकीदार माझ्या डोक्यात बोंबलत होता, घाल, घाल, घाल, आणि माझं सगळं अंग त्याच्या बाजूचं होतं. मला त्याला जाळायचं होतं. हे मी लपवणार नाही. मला ते करायचं होतं आणि करताना बरं वाटणार होतं, हेही मला ठाऊक होतं.

मी अंगठा काढला. नळी ओठांत धरली आणि श्वास सोडला, गालांतला नाही, छातीतला, तळापासून. मोडक्या बरगड्यांनी श्वास पूर्ण सोडून बघा कधी, मेलेली आई आठवते. काच फुगली. टरबुजाची घागर झाली, घागरीचा रांजण, पातळ होत होत कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि मी सोडतच राहिलो. तिसरा फटका मांडीवर बसला तेव्हाही सोडत होतो. मग ती फुटली. आवाज जवळजवळ नाहीच. काचेच्या हलक्या चकत्या हवेत तरंगल्या आणि त्याच्या केसांवर, माझ्या भुवयांवर, सगळ्यांच्या खांद्यांवर येऊन बसल्या.

हसऱ्या सळई वर धरून उभा होता. “मारा ना!” तो ओरडला. “भाऊजी, मारा ना आता!” आणि तो रडत होता.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. वारा उरला नव्हता, त्यामुळे ते फक्त त्यालाच ऐकू गेलं. त्यानं सळई टाकली.

मालकीणबाईंच्या कागदावर मी लिहिलं, पाय घसरला. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “तुमच्या घरात फारच घसरतं बुवा.”

बरगड्या दोन मोडल्या होत्या. पट्टा बांधून हॉस्पिटलातून बाहेर पडलो तेव्हा चार वाजले असतील. मी घरी गेलो तो जवळजवळ नाचत. एवढा मार खाऊन मला आयुष्यात कधी एवढा आनंद झाला नव्हता. बायकोला सांगायचं होतं, की बघ, पेटती काच हातात होती आणि तरी. तू कुठं जायचं नाहीस आता.

ती कामावरून यायची होती. स्वयंपाकघराच्या टेबलाशी खारू गणितं करत बसली होती. मी दार उघडलं, तिनं मान वर केली, खाली घातली. मी समोरची खुर्ची ओढून सावकाश बसलो. दुखत होतं म्हणून श्वास पुरता सोडला, बाईंनी सांगितला तसा. घर नेहमीसारखं शांत होतं.

आणि मला ऐकू आलं, की त्या खोलीत एकच माणूस श्वास घेतोय.

मी तिच्याकडे पाहिलं. गळ्याखालचं बटण हलत नव्हतं. पेन्सिल कागदावर टेकलेली, चालत नव्हती. मी मोजू लागलो, सवयच लागली होती. दहा. वीस. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीस. बापाची फळी ऐकायची तसा मी कान लावून बसलो होतो.

“खारू,” मी म्हणालो, “श्वास का धरलायस?”

“नाही धरला.” एका झटक्यात बोलली आणि परत मिटून घेतला.

“रागावत नाही मी. सांग.”

ती वहीकडेच बघत राहिली. “तुम्ही आलात की धरते,” ती म्हणाली. “मग तुम्हाला मी ऐकू येत नाही.”

“कधीपासून?”

तिनं खांदे उडवले. तिला माहीत नव्हतं. मला माझं माहीत होतं, तेराव्या वर्षापासून. तिला त्याच्याही आधी लागलं होतं, आणि मी तिच्यावर कधीच हात टाकला नव्हता.

मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण माझा हात तिच्याकडे जाताना तिची मान कशी आखडेल ते मला माझ्या मानेवरून ठाऊक होतं. म्हणून मी उठलो. टेबलाला धरून, पट्टा सावरत बाहेर आलो, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. उजवा कान दाराकडे होता. आत थोडा वेळ काहीच नव्हतं. मग तिनं सोडला, लांब, पार तळापर्यंत, आणि पेन्सिल चालू लागली.

बायको पिशव्या घेऊन जिना चढत आली. तिनं माझा पट्टा पाहिला, सुजलेली मांडी पाहिली आणि पिशव्या खाली ठेवल्या.

“हात उचललास?”

“नाही.”

तिनं माझे डोळे पाहिले. खोटं तिला लगेच कळतं. “मग इथं का बसलास? घरात चल.”

“थांब जरा,” मी म्हणालो. “आत ती श्वास घेतेय.”